मायएसक्यूएलची डिस्क भरली की काय करायचं: रेकॉर्ड डिलीट करून जागा का मिळत नाही आणि ती नीट कशी मिळवायची

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून पतसंस्था, दूध संकलन, मिरजेतल्या हॉस्पिटलांपर्यंत बरीच सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतात, आणि सर्व्हरची डिस्क भरली की जवळपास सगळीकडे एकच प्रकार होतो. कुणीतरी जुन्या वर्षांची बिलं डिलीट मारतं, डिस्क बघतं तर जागा तेवढीच, मग वैतागून डेटाच्या फोल्डरमध्ये शिरतं आणि सगळ्यात मोठी दिसणारी फाइल उडवतं. आणि इथंच सगळं संपतं, कारण ती फाइल बहुतेक वेळा आयबीडेटा१, म्हणजे मायएसक्यूएलची मुख्य सिस्टिम फाइल असते.

म्हणून हा लेख. यात मायएसक्यूएल ८ आणि इनोडीबी (टेबलं साठवणारं त्याचं नेहमीचं इंजिन) धरलंय, ५.७ वाल्यांसाठी काही फरक त्या त्या ठिकाणी सांगितलेत. कमांड आणि सेटिंगची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करा आणि सेटिंगच्या नावातले शब्द अंडरस्कोरनं जोडा. टप्पे आहेत त्याच क्रमानं करा, पाचवा आधी आणि दुसरा नंतर असं केलं की नुकसान पक्कं.

टप्पा १: आधी बघा, जागा खाल्ली कुणी

काही डिलीट करायच्या आधी, खरंतर कशालाच हात लावायच्या आधी, डेटा डिरेक्टरी कुठं आहे ते शोधा. "शो व्हेरिएबल्स लाइक डेटाडिर" चालवलं की पाथ मिळतो. उबुंटूवर ती सहसा व्हार, लिब, मायएसक्यूएल या पाथवर असते, विंडोजवर प्रोग्रॅमडेटा फोल्डरच्या आत, आणि तो फोल्डर हिडन असतो त्यामुळे बऱ्याच जणांना सापडतच नाही.

तिथं साइझप्रमाणे लावून बघा. दिसणाऱ्या फाइली साधारण अशा:

आयबीडी एक्स्टेन्शनच्या फाइली, म्हणजे एकेका टेबलचा डेटा आणि इंडेक्स. प्रत्येक डेटाबेसच्या फोल्डरमध्ये असतात.
आयबीडेटा१, म्हणजे सिस्टिम टेबलस्पेस. ही १२ एमबीपासून सुरू होते आणि भरली की दर वेळी ६४ एमबीनं वाढते. नीट ठेवलेल्या नव्या सर्व्हरवर ती छोटीच असायला पाहिजे. कित्येक जीबीची दिसली तर विषय टप्पा ५ चा.
बिनलॉग आणि पुढं नंबर, म्हणजे बायनरी लॉग, डेटात झालेल्या बदलांची नोंद.
अनडू ००१ आणि अनडू ००२, बदल परत फिरवता यावेत म्हणून ठेवलेली नोंद, मोठे बदल चालू असताना फुगतात.
आयबीटीएमपी१, टेम्पररी टेबलांशी संबंधित फाइल.
आणि लॉग: एरर लॉग, स्लो लॉग, जनरल लॉग. हा जनरल लॉग कुणीतरी कधीतरी काहीतरी तपासायला चालू करतं आणि बंद करायचं राहतं, मग प्रत्येक क्वेरी त्यात लिहिली जाते.

कुठली फाइल मोठी आहे त्यावर उपाय ठरतो. बिनलॉग मोठा असेल तर टेबलातली बिलं डिलीट करून काय उपयोग, सांगा.

टेबलनिहाय आकडे इन्फर्मेशन स्कीमाच्या टेबल्स व्ह्यूमधून मिळतात, डेटा लेंग्थ, इंडेक्स लेंग्थ आणि डेटा फ्री. पण इथं दोन गोष्टी चुकतात. पहिली, मायएसक्यूएल ८ हे आकडे २४ तासांपर्यंत साठवून दाखवतं, त्यामुळे आत्ता केलेला बदल लगेच दिसत नाही. तुमच्या सेशनपुरतं "इन्फर्मेशन स्कीमा स्टॅट्स एक्स्पायरी" शून्य करा, मग क्वेरी चालवा. दुसरी, जी टेबलं आयबीडेटा१ मध्ये आहेत त्या प्रत्येकापुढं डेटा फ्रीचा तोच आकडा येतो, कारण ती सगळ्यांची मिळून एकच मोकळी जागा असते. लोकं त्याची बेरीज करतात आणि खूश होतात की एवढी जागा सुटणार. तसं काही नसतं.

तपासा: कुठली फाइल, किती जीबी, हे कागदावर लिहून झालं का? नसेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा २: बॅकअप, मोकळी जागा आणि वेळ

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त लोकं इथंच घाई करतात, म्हणून इथं जरा जास्त थांबतो.

बॅकअप मायएसक्यूएलडंपनं घ्या, सिंगल ट्रान्झॅक्शन, रुटीन्स आणि इव्हेंट्स हे तिन्ही ऑप्शन लावून. रुटीन्स आणि इव्हेंट्स आपोआप येत नाहीत, विसरलात तर रिस्टोअर केल्यावर व्याज आकारणीची स्टोअर्ड प्रोसिजरच गायब आणि मग शोधाशोध. सिंगल ट्रान्झॅक्शनमुळे काम चालू असतानाही डंप एकसंध येतो, पण फक्त इनोडीबी टेबलांचा. मायआयसॅम या जुन्या इंजिनचं टेबल असेल तर सॉफ्टवेअर बंद करूनच डंप घ्या. आणि डंप चालू असताना टेबलची रचना बदलू नका.

डंप त्याच डिस्कवर घेऊ नका, ती आधीच भरलेली आहे. पेन ड्राइव्हवर घेत असाल तर तो फॅट३२ नाही ना ते बघा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, डंप मध्येच तुटतो आणि नाव तर बरोबर दिसतं, म्हणून लोकांना वाटतं बॅकअप आहे.

तपासा: डंप फाइलची शेवटची ओळ बघा. पूर्ण झाला असेल तर तिथं "डंप कम्प्लिटेड" आणि तारीख असते. ओळ नसेल तर बॅकअप नाही. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या एखाद्या मशीनवर रिस्टोअर करून चार टेबलांचे काउंट जुळवा.

आणि कॉपी कुठं ठेवताय? २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीतल्या पेठांमध्ये, मारुती चौकापर्यंत पाणी आलं होतं. तळमजल्यावरच्या दुकानात सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क हे पावसाळ्यात चालणार नाही. एक कॉपी विश्रामबागेत किंवा मिरजेला, वरच्या मजल्यावर ठेवा.

आता मोकळी जागा. पुढं जी टेबल रीबिल्ड करायचीत, म्हणजे नव्यानं लिहून काढायचीत, त्यातल्या सर्वात मोठ्या टेबलच्या साइझएवढी जागा मोकळी लागते, आणि वर थोडी जास्त. जागा करायला जागा लागते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण टेबल रीबिल्ड होताना जुनी आणि नवी दोन्ही फाइली काही वेळ एकत्र असतात.

वेळ: पतसंस्थेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका. हळदीचे सौदे जोरात असताना यार्डातल्या सर्व्हरला हात लावू नका. यार्ड बंद असेल तो दिवस धरा, यूपीएसची बॅटरी आधी तपासा, आणि त्या दिवशी महावितरणचा शटडाऊन नाही ना ते बघून घ्या. मध्येच लाइट गेली तरी इनोडीबी सुरू होताना स्वतःला सावरतं, आणि ८ मध्ये अर्धवट राहिलेलं टेबलचं कामही सुरू होताना निस्तरलं जातं, पण ५.७ मध्ये एसक्यूएल नावानं सुरू होणारी अर्धवट फाइल मागं राहू शकते आणि ती जागा खात बसते.

टप्पा ३: सोपी जागा आधी मोकळी करा

टेबलांना हात न लावता बऱ्याचदा इथंच काम भागतं.

पहिलं बिनलॉग. ८ मध्ये तो आपोआप चालू असतो आणि ३० दिवस ठेवला जातो. फोल्डरमध्ये जाऊन हातानं डिलीट करू नका, कारण कुठल्या फाइली आहेत याची यादी एका इंडेक्स फाइलमध्ये असते आणि ती यादी आणि फोल्डर जुळेनासं होतं. "पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर" आणि पुढं तारीख, ही कमांड वापरा. दुसऱ्या सर्व्हरवर रेप्लिका, म्हणजे बिनलॉग वाचून चालणारी डेटाची कॉपी, चालू असेल तर ती कुठल्या फाइलपर्यंत पोचली ते आधी बघा. मग "बिनलॉग एक्स्पायर लॉग्ज सेकंड्स" ही सेटिंग कमी करा, ७ दिवसांसाठी ६०४८००. सेट पर्सिस्टनं केली की रीस्टार्टनंतरही राहते.

सावध: दोन पूर्ण बॅकअपमध्ये जेवढं अंतर असतं त्यापेक्षा बिनलॉग जास्त दिवसांचा हवाच. बॅकअप दर रविवारी आणि बिनलॉग तीन दिवसांचा, असं असेल तर शनिवारी डेटा बिघडल्यावर मधले दिवस परत आणता येणार नाहीत.

मग जनरल लॉग बंद करा. स्लो लॉगची फाइल रीनेम करून "फ्लश लॉग्ज" द्या, मग जुनी उडवा. लिनक्सवर चालू प्रोसेसनं उघडून धरलेली फाइल नुसती डिलीट केली तर नाव जातं, जागा सुटत नाही, आणि लोकं तासभर हेच शोधत बसतात की फाइल तर उडवली मग डिस्क का भरलेली दिसतीय.

आयबीटीएमपी१ मोठी असेल तर सर्व्हर नीट रीस्टार्ट केला की ती नव्यानं छोटी बनते. ५.७ मध्ये कॉन्फिगमध्ये तिला कमाल मर्यादा घालून ठेवा, नाहीतर एखादा वेडावाकडा रिपोर्ट पूर्ण डिस्क खाईल.

टप्पा ४: टेबलातली जागा

आता मुख्य गोष्ट. हरिपूरच्या पेवातनं, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातनं, हळद काढली म्हणून पेव लहान होत नाही, तसंच रो डिलीट केल्या म्हणून आयबीडी फाइल लहान होत नाही. आतली १६ केबीची पानं मोकळी होतात आणि त्याच टेबलात नवा डेटा आला की ती वापरली जातात. डिस्कला मात्र काही परत मिळत नाही.

यातनंच एक निर्णय निघतो जो कुणी घेत नाही: टेबल पुढच्या सिझनला परत तेवढंच भरणार असेल तर ते आवळत बसू नका. रीबिल्ड करायचं ते फक्त जिथं डेटा कायमचा काढलाय आणि डेटा फ्री खरंच मोठा दिसतोय तिथं.

क्रम असा ठेवा.

१. जुना डेटा ठेवायचा असेल तर आधी आर्काइव्ह टेबलमध्ये किंवा वेगळ्या डंपमध्ये काढा, काउंट जुळवा.

२. डिलीट तुकड्यांत करा. प्रायमरी कीच्या क्रमानं, लिमिट लावून, एका वेळी पाच-दहा हजार रो, आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट. एकाच कमांडमध्ये लाखो रो उडवल्या की अनडू फुगतो, म्हणजे डिस्क रिकामी करायला गेलात आणि अजून भरली, आणि मध्येच थांबवलं तर रोलबॅक डिलीटपेक्षा जास्त वेळ खातो. टेबल पूर्णच रिकामं करायचं असेल तर ट्रंकेट वापरा, त्यानं जागा लगेच सुटते, पण ट्रंकेट परत फिरवता येत नाही हे लक्षात असू द्या.

३. पर्ज व्हायची वाट बघा. डिलीट केलेल्या रो लगेच जात नाहीत, मागं एक थ्रेड त्या साफ करतो. "शो इंजिन इनोडीबी स्टेटस" मध्ये हिस्टरी लिस्ट लेंग्थ, म्हणजे साफ व्हायचं बाकी किती आहे तो आकडा, खाली येतीय का बघा. येत नसेल तर कुणाचं तरी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं आहे, बहुतेक वेळा कुणीतरी वर्कबेंच तसंच चालू ठेवून जेवायला गेलेलं असतं.

४. "इनोडीबी फाइल पर टेबल" चालू आहे का बघा, आणि त्या टेबलची स्वतःची आयबीडी फाइल फोल्डरमध्ये दिसतीय का बघा. सेटिंग बंद असताना रीबिल्ड केलंत आणि टेबल आयबीडेटा१ मध्ये असेल तर ते तिथंच परत लिहिलं जातं आणि आयबीडेटा१ अजून वाढते. ही चूक फार महागात पडते.

५. आता "ऑप्टिमाइझ टेबल" चालवा. छोट्या टेबलापासून सुरू करा, म्हणजे त्यातनं सुटलेली जागा मोठ्या टेबलच्या रीबिल्डला उपयोगी येते. उलटं केलं तर पहिल्याच टेबलला जागा कमी पडून काम अडतं.

कमांड संपल्यावर "टेबल डझ नॉट सपोर्ट ऑप्टिमाइझ, डूइंग रीक्रिएट प्लस ॲनालाइझ इन्स्टेड" असा मेसेज येईल. घाबरू नका, ही एरर नाही, इनोडीबीत हे असंच होतं. खालच्या ओळीत ओके आलं की झालं.

तीन ठिकाणी हे अडतं. टेबलवर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर पूर्ण कॉपी होते आणि तेवढा वेळ कुणालाही त्यात लिहिता येत नाही. इंडेक्स बांधतानाच्या टेम्पररी फाइली टेम्प डिरेक्टरीत जातात, ती वेगळ्या छोट्या पार्टिशनवर असेल तर डेटाच्या डिस्कवर जागा असूनही काम फेल होतं, तेव्हा "इनोडीबी टीएमपीडिर" मोठ्या डिस्कवर दाखवा. आणि रीबिल्ड चालू असताना लोकं बिलं मारत असतील तर ते बदल एका लॉगमध्ये साठतात, त्याची मर्यादा मुळात १२८ एमबी आहे, ती ओलांडली की पूर्ण रीबिल्ड वाया. म्हणून बंदच्या दिवशी करा म्हणालो.

तपासा: आयबीडी फाइलची साइझ आधी किती, आता किती. कमी झाली नसेल तर तीच कमांड परत चालवू नका, हिस्टरी लिस्ट परत बघा.

टप्पा ५: आयबीडेटा१ फुगलेली असेल तर

ही फाइल लहान होत नाही. कुठल्याच कमांडनं होत नाही. जुन्या सर्व्हरवर फाइल पर टेबल बंद होतं म्हणून सगळी टेबलं तिच्यात गेली, आता सेटिंग चालू केली तरी जुनी टेबलं तिथंच राहतात, आणि ऑल्टर टेबल करून ती बाहेर काढली तरी आयबीडेटा१ आहे तेवढीच राहते, फक्त आतनं रिकामी. बाहेर काढून डिस्क अजूनच भरते. त्यामुळे खरा मार्ग एकच: सगळं डंप करायचं, नवीन डेटा डिरेक्टरी बनवायची, परत भरायचं.

सावध: आयबीडेटा१ एकटी डिलीट करू नका. टेबलांच्या आयबीडी फाइली जागच्या जागी असल्या तरी सर्व्हर सुरू होणार नाही.

१. सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवर बंद करा. काउंटरवरचं एक मशीन नेहमी राहतं, प्रोसेस लिस्टमध्ये बघून खात्री करा.

२. सर्व डेटाबेस, रुटीन्स आणि इव्हेंट्ससकट डंप घ्या. युजर आणि त्यांचे हक्क मायएसक्यूएल नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये असतात, सर्व डेटाबेस म्हटलं की तेही येतात. महत्त्वाच्या टेबलांचे काउंट लिहून ठेवा.

३. डंप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. इथं ही तपासणी ऐच्छिक नाही.

४. "इनोडीबी फास्ट शटडाऊन" शून्य करून सर्व्हर बंद करा. बंद व्हायला वेळ लागेल, लागू द्या.

५. जुनी डेटा डिरेक्टरी रीनेम करा, डिलीट नाही. जागा पुरत नसेल तर पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी जुळली की मगच इथून काढा.

६. कॉन्फिगमध्ये फाइल पर टेबल चालू असल्याची खात्री करा, मग नवीन डिरेक्टरी इनिशियलाइझ करा. रूटचा तात्पुरता पासवर्ड एरर लॉगमध्ये येतो, बरेच जण इथं अडकतात कारण जुनाच पासवर्ड टाकत बसतात.

७. डंप भरा, "फ्लश प्रिव्हिलेजेस" द्या, सर्व्हर रीस्टार्ट करा, काउंट जुळवा, एक बिल मारून, एक पावती काढून बघा.

जुना फोल्डर एक महिनाअखेर व्यवस्थित पार पडेपर्यंत ठेवा.

टप्पा ६: डेटा नवीन डिस्कवर हलवायचा असेल तर

जागा खरंच कमी आहे, डेटा सगळा लागतोच, असं असेल तर डिस्क वाढवणं हाच उपाय. यूएसबीची एक्स्टर्नल डिस्क यासाठी नको, वायर हलली की डेटाबेस गेला.

सर्व्हर पूर्ण बंद करा, मग कॉपी करा. चालू सर्व्हरचा फोल्डर कॉपी केला तर ती कॉपी कामाची नसते. लिनक्सवर ओनर आणि परमिशन टिकतील अशा पद्धतीनं, म्हणजे आरसिंकला आर्काइव्ह ऑप्शन देऊन. नवीन डिस्कच्या थेट मुळात न टाकता आत एक फोल्डर करून त्यात टाका, आणि डिस्क बूट होताना आपोआप माउंट होते ना ते एकदा मशीन रीस्टार्ट करून बघा. मग कॉन्फिगमध्ये डेटाडिर बदला.

इथं ठरलेली अडचण: परमिशन सगळ्या बरोबर, तरी एरर १३, परमिशन डिनाइड. उबुंटूवर याचं कारण ॲपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा असते, तिच्या प्रोफाइलमध्ये नवा पाथ घालावा लागतो. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्स, तिथं नव्या फोल्डरला मायएसक्यूएलचा कॉन्टेक्स्ट द्यावा लागतो. हे बंद करून टाका असे सल्ले मिळतात, ते ऐकू नका, पाथ घालायला पाच मिनिटं लागतात.

विंडोजवर कॉन्फिग फाइलमध्ये पाथ लिहिताना उलटा नाही, सरळ स्लॅश वापरा. सर्व्हिस ज्या अकाउंटवर चालते, बहुतेक नेटवर्क सर्व्हिस, त्याला नव्या फोल्डरवर पूर्ण परवानगी द्या. आणि अँटीव्हायरसला डेटा फोल्डर वगळायला सांगा, तो फाइल धरून बसला की मायएसक्यूएलला लिहिता येत नाही.

टप्पा ७: परत भरू नये म्हणून

पावत्यांचे स्कॅन, पीडीएफ, फोटो टेबलात साठवू नका, फोल्डरमध्ये ठेवा आणि टेबलात फक्त पाथ. सगळ्यात जास्त जागा इथं वाचते, फक्त त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

प्रायमरी की छोटी ठेवा. इनोडीबीत प्रत्येक सेकंडरी इंडेक्समध्ये प्रायमरी कीची कॉपी असते, म्हणजे ३६ अक्षरांची यूयूआयडी की असेल आणि पाच इंडेक्स असतील तर ती प्रत्येक रोसाठी आणखी पाच वेळा लिहिली जाते. न वापरलेले इंडेक्स सिस स्कीमातल्या अनयूज्ड इंडेक्सेस व्ह्यूमध्ये दिसतात, पण ती यादी सर्व्हर शेवटचा सुरू झाल्यापासूनचीच असते. वर्षअखेरीला एकदाच लागणारा इंडेक्स त्यात "न वापरलेला" दिसणारच. म्हणून आधी इनव्हिजिबल करा, एक ३१ मार्च जाऊ द्या, मग ड्रॉप करा.

व्यवहाराचं टेबल दरवर्षी वाढणारच असेल तर आर्थिक वर्षाप्रमाणे पार्टिशन करा, म्हणजे टेबलचे वर्षवार भाग पाडा. पार्टिशनची वेगळी फाइल असते, ड्रॉप केली की जागा लगेच सुटते, डिलीट नको, ऑप्टिमाइझ नको. अटी दोन: तारखेचा कॉलम प्रायमरी कीमध्ये असावा लागतो, आणि त्या टेबलला फॉरेन की चालत नाही. जुन्या सॉफ्टवेअरला हे बसवणं सोपं नाही, नवीन बनवत असाल तर आत्ताच करा.

डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मेसेज येईल असं लावा. आणि तरीही एखाद्या दिवशी पूर्ण भरलीच, तर लिहायची कामं अडकलेली दिसतील. मायएसक्यूएल अशा वेळी थांबून दर मिनिटाला जागा झाली का ते बघत असतं आणि झाली की बऱ्याचदा स्वतःच पुढं जातं. तेव्हा प्रोसेस किल करू नका, त्या डिस्कवरच्या डेटाबेसबाहेरच्या फाइली, जुने डंप, डाउनलोड, आधी दुसरीकडे हलवा, आणि मग टप्पा १ पासून सुरू करा.